दोष समोर दिसला पाहिजे

शेवटी दुकानाने कानाचं यंत्र बदलून दिलं. साहेब स्वतः उठून उभे राहिले, माफी मागितली, बाबांना दारापर्यंत सोडायला आले. तर यातलं काहीच झालं नाही, तेव्हा आपणही ते सोडून देऊन पुढे जाऊ.

झालं ते असं. बाबांच्या कानातलं नवं यंत्र दुकानात ठणठणीत चालायचं आणि घरी आलं की मान टाकायचं. दुकानात त्यांना मागच्या खोलीतली कुजबुज ऐकू यायची, घरी शेजारी पडलेल्या आईचं बोलणं नाही. आई अंथरुणाला खिळलेली, आवाज रोज थोडा खाली जाणारा, आणि तिला बाबांना काहीतरी सांगायचं होतं.

"मला सांग, मी त्यांच्या कानात ओरडते," थोरली लेक म्हणाली. घरात तिला मोठीच म्हणत.

"तुला सांगायचं असतं तर तुलाच सांगितलं असतं. आणि ओरडून सांगण्यासारखं नाहीये ते."

"हो हो," बाबा म्हणाले. ऐकू येत होतं तेव्हाही ते आईला एवढंच म्हणायचे, म्हणून तर त्यांचं बहिरेपण घरात कळायलाच काही वर्षं गेली.

मोठी यंत्र, बिल आणि बाबा असं सगळं घेऊन दुकानात गेली. तपासनीसाने यंत्र बाबांच्या कानात बसवलं, पाठ फिरवली आणि हळूच विचारलं, "काका, चहा?"

"अर्धा कप. साखर नको."

"यंत्र उत्तम आहे," तपासनीस म्हणाला.

"घरी बंद पडतं."

"मग घर दाखवून घ्या, ताई. घराची वॉरंटी आमच्याकडे नसते."

"सदोष वस्तू बदलून मिळणं हा माझा हक्क आहे."

"शंभर टक्के. हक्काबद्दल वादच नाही. फक्त दोष आमच्यासमोर दिसला पाहिजे."

त्याच्या डोक्यावर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. "ही पाटी कायद्यात बसत नाही," मोठी म्हणाली.

"माहितीये हो. पण पाटीवालाही विकलेली पाटी परत घेत नाही."

मोठीने घरी व्हिडिओ काढला. आई बोलतेय, बाबा "काय?" म्हणतायत, आई पुन्हा बोलतेय, बाबा "हो हो" म्हणतायत. तपासनीसाने तो अगदी मन लावून शेवटपर्यंत पाहिला.

"यात काकांना ऐकू येत नाही एवढंच दिसतं. म्हणून तर यंत्र घेतलंत ना?"

ग्राहक मंचाने तक्रार नोंदवून घेतली, कागद चोख आहेत म्हणून कौतुक केलं आणि पुढच्या वर्षातली तारीख दिली. डॉक्टरांनी आईला पुढच्या वर्षातलं काहीच दिलं नव्हतं.

मग मोठीने दुकानातूनच घरी फोन लावला. तिकडे शेजारच्या मावशींनी तो आईच्या तोंडाशी धरला, इकडे मोठीने बाबांच्या कानाशी. तपासनीसाने आपण होऊन दुकानात जाहिराती दाखवणारे सगळे टीव्ही मुके केले.

"बोल," बाबा म्हणाले.

"खरंच ऐकू येतंय?"

"स्पष्ट."

आई म्हणाली, "मग घरी या. दुकानात उभ्या-उभ्या काय सांगू? आलात की सांगते."

बाबा लगबगीने निघाले. रस्ताभर मोठीला ऐकून दाखवत होते. ती बघ सायकलची चेन. तो बघ कुणीतरी शिंकला. जिन्यात स्वतःचीच पावलं ऐकून खूश झाले. आईजवळ बसले, कान पुढे केला. आईने मोठीला आणि मावशींना बाहेर पाठवलं आणि बराच वेळ बोलली.

बाबा बाहेर आले.

"काय म्हणाली?" मोठीने विचारलं.

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "हो हो," म्हणाले.

आत आई कितीतरी दिवसांनी शांत झोपली होती. तिचं सांगून झालं होतं. तिला उठवून पुन्हा सांग म्हणायला मोठीची जीभ रेटली नाही. तिने कागद घेतला आणि दुकानाच्या साहेबांना अर्ज लिहिला.

"महोदय, दोष आपल्यासमोर दिसलेला नाही, हे मान्य आहे. तो आमच्यासमोरही दिसलेला नाही, कारण आम्हांस खोलीबाहेर पाठवण्यात आले होते. यंत्र बदलून नको, पैसेही नकोत. यंत्रात गेलेले व बाहेर न आलेले आमच्या आईचे बोलणे, असेल त्या अवस्थेत, आमच्या वडिलांना परत मिळावे, ही विनंती."