टरफल आईचं

लमाय आमच्या गावात शाळेचे गणवेश शिवायची. नवरा गेल्यावर तिने मागच्या अंगणात गांजा लावला. कायदा नुकताच सैल झाला होता, कोंबडीच्या रश्श्यात लोक उघडपणे पानं टाकू लागले होते. पण तिला ना पानांचं अप्रूप होतं, ना धुराचं. तिला वेड होतं ते दोन झाडांचा संकर करून नवं झाड काढायचं.

तिच्याकडे दोन जाती होत्या. एक तिच्या आईकडची, फू फानच्या डोंगरातली. तिचं बी बारीक, काळपट, अंगावर वाघासारखे पट्टे. दुसरी मेकाँग नदीपलीकडच्या मावशीने दिलेली. तिचं बी टपोरं, राखाडी, एक रेघ नाही. मावशी त्याच वर्षी वारली. तिच्या शेवटच्या तीन बियांतली एकच उगवली आणि झाड निघालं नर. म्हणजे त्याला बी धरणार नव्हतं. पराग मिळेल तेवढाच, तोही एकदाच.

थंडीतल्या एका सकाळी लमायने तो पराग कागदावर झटकून घेतला आणि डोंगरी मादी झाडाच्या एका फांदीला कुंचल्याने लावला. वर गणवेशाच्या कापडाची पिशवी शिवून बांधली. सहा आठवड्यांनी तिने वाळलेलं फूल तळहातावर चुरलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्रेचाळीस बिया निघाल्या. सगळ्या बारीक, काळपट, पट्ट्यांच्या.

"बापाचं काहीतरी दिसायला हवं होतं ना गं?" ती म्हणाली. मला काय कळणार?

ती बिया घेऊन पी थवीकडे गेली. पी म्हणजे थोरला. वयाचा मान म्हणून सगळे त्याला तसं म्हणायचे. शेतकी कॉलेजच्या रोपवाटिकेत तीस वर्षं काढलेला माणूस. गांजा लावणाऱ्या आमच्या वीसेक हौशी लोकांच्या गटाचा तोच म्होरक्या. लमायला पराग कसा धरायचा ते त्यानेच शिकवलं. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायचा, चिकट भाताची टोपली संपवून उठायचा, आणि तिला नोंग म्हणायचा, धाकटी बहीण.

त्याने भिंगाखाली बिया बराच वेळ उलटसुलट केल्या. मग म्हणाला, "नोंग, तुझा पराग मेलेला होता. झाडाने स्वतःच चार नर फुलं काढली असणार, त्यांचं हे बी. बघ, हुबेहूब आई. बापाचा मागमूस नाही."

पेरून बघू का, असं तिने विचारलं. कशाला जागा अडवतेस, तो म्हणाला, ठेव इथेच, माझ्या पिंजऱ्यातल्या कवड्यांना खायला घालतो. ती बिया तिथेच ठेवून आली. मावशीचं नर झाड तोवर सुकून गेलं होतं, ते तिने उपटलं. त्या दिवशी मशीनवर बसून तिने एकही टाका घातला नाही.

पुढच्या थंडीत जत्रेतल्या स्पर्धेत पी थवीच्या झाडाला पहिलं बक्षीस मिळालं. त्याने नाव ठेवलं होतं फा माय, नवं आभाळ. फुलाला कच्च्या आंब्याचा वास, देठ जांभळे. गटातल्या सगळ्यांनी त्याच्याकडून कलमं घेतली, मीही घेतलं. बक्षीस घ्यायला जाताना त्याच्या अंगात होता तो निळा सदरा लमायने शिवलेला. तिने फूल हुंगलं आणि म्हणाली, "आमच्या आईच्या झाडाची आठवण आली." तो हसला.

दोन महिन्यांनी देवळाच्या मंडपात गटाची बैठक होती. फिमलदा नावाची कॉलेजातली शिक्षिका बियांबद्दल सांगायला आली होती. ती म्हणाली, बी बघून बाप ओळखायला जाऊ नका. बीचं टरफल आईच्या अंगाचं असतं. रंग, पट्टे सगळे आईचे, आकारही बराचसा तिचाच. आतलं पिल्लू मात्र दोघांचं.

लमाय उभी राहिली. "मग बाप दिसतो कधी?"

"ते पिल्लू मोठं होऊन त्याला बी धरेल तेव्हा. त्या टरफलात दोघंही दिसतील."

पी थवी पहिल्या रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. लमाय मात्र त्याच्या पाठीकडेच बघत बसली.

योगायोग असा की माझ्या फा मायला त्याच सुमारास बी धरलं होतं. कुणाच्या तरी अंगणातला पराग उडत आला असणार. बी धरल्यामुळे फुलं वाया गेली म्हणून मी कुरकुरत होते. बैठकीहून परतताना लमाय थेट माझ्या अंगणात शिरली आणि एक फूल चुरलं. बिया मध्यम आकाराच्या होत्या, राखाडी, आणि प्रत्येकीवर फिकट, तुटके पट्टे. ती मूठ बंद करून माझ्या स्कूटरवर मागे बसली.

आम्ही पोचलो तेव्हा पी थवी कवड्यांचे पिंजरे धूत होता. लमायने त्याच्यासमोर मूठ उघडली.

"कवड्यांनी खाल्ल्या नाहीत वाटतं."

त्याने पाण्याचा नळ बंद केला. म्हणाला, "तू टाकूनच देणार होतीस."

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

मग तो बोलत राहिला. पंधरा रोपं लावली, त्यातलं एक निवडलं, वर्षभर राबलो. तुला ते जमलं नसतं. लमायने ऐकून घेतलं. मग विचारलं, "भिंगातून बघत होतात तेव्हाच माहीत होतं?"

तो पिंजऱ्याकडे बघत राहिला. "होतं," म्हणाला. आणि लगेच, दहा रोपं घेऊन जा, माझ्याकडे तयार आहेत.

"रोपं नकोत, पी. गटात सांगा. मावशीचं नाव सांगा. सैपिन नाव होतं तिचं."

रविवारपर्यंत सांगतो म्हणाला. रविवारी फोनवर गटात त्याचा संदेश आला. फा माय घडवताना गावातल्या बायाबापड्यांच्या जुन्या बियांपासून प्रेरणा मिळाली, सर्वांचे आभार. खाली हात जोडलेली चित्रं ओळीने आली. मी सगळं खरं लिहिलं, तर दोघांनी विचारलं, पुरावा काय? एकीने लिहिलं, बक्षीस मिळाल्यावरच कशी आठवण झाली? लमाय त्या दिवशी गटातून बाहेर पडली.

माझ्या झाडाच्या बिया तिने पेरल्या. रोपं एकासारखं एक नाहीत. काही बुटकी, काही डोंगरी झाडासारखी उंच. मावशीच्या झाडासारखं अजून एकही नाही. ती म्हणते, बघू, अजून पेरते. पण आता अंगणाला कुंपण घातलंय. परवा मी कुंपणातून हात घालून एका रोपाचं पान उलटून बघत होते, तर शिवता शिवता ती थांबली आणि माझा हात बाहेर येईपर्यंत बघत राहिली. मी काही मनाला लावून घेतलं नाही. पान सोडलं आणि चहा ठेवायला तिच्या घरात गेले.