अंबादासांचा अर्धविराम

अंबादास गजभिये केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते, आणि खालून आलेला ड्राफ्ट त्यांच्या टेबलावरून लाल शाई न लागता वर गेला असं सहसा होत नसे. इंग्रजीतली दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. दोन्ही वाक्यं स्वतःच्या पायावर उभी असतील तर मध्ये अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामाच्या जोडीला ‘अँड’ द्या, हे ते नव्या पोरांना चहाच्याही आधी पाजायचे. माणूस वाईट नव्हता. ऑफिस आणि घर यांत फरक असतो, हे फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शालिनीताईंनी, म्हणजे बायकोने, सांगितलं होतं. पण ऐकतो कोण!

मुलगी लुंबिनी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये याच लाल शाईत वाढली. लहानपणी तिने बाबांच्या वाढदिवसाला कार्ड केलं, तेही दुरुस्त होऊन परत मिळालं. तेव्हा ती हसली होती. पुढे नोकरी, अतुलशी लग्न, फरीदाबादचा फ्लॅट. दिल्लीत वाढल्यामुळे मराठी लिहिताना ती अडखळायची, म्हणून बाबांना मेसेज इंग्रजीतच. बाबा चूक दाखवायचे, ती सुधारून पुन्हा पाठवायची. बापलेकीचं बोलणं ते एवढंच. अंबादासांना ते पुरेसं वाटायचं आणि त्यात त्यांचा जीव होता, हेही खरं.

होळीनंतर एका दुपारी तिचा मेसेज आला. अतुल मला सोडून गेला, मी घरात एकटी आहे.

अंबादासांनी तो दोनदा वाचला. अशा वेळी लेकीला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकच, आणि तेच त्यांनी लिहून पाठवलं: ‘गेला’नंतर अर्धविराम हवा. पुढे आणखी काही लिहायचं त्यांच्या मनात होतं, ते मनातच राहिलं.

उत्तर आलं नाही. संध्याकाळी शालिनीताईंनी ते दोन्ही मेसेज वाचले आणि फोन नवऱ्यासमोर धरला.

“अहो, पोरगी रडत होती आणि तुम्ही तिचा पेपर तपासलात?”

लुंबिनी आईचा फोन घ्यायची, मी ठीक आहे म्हणायची आणि ठेवायची. आईने भेटायला येते म्हटलं की नको म्हणायची. बाबांचा फोन तर ती उचलतच नव्हती. शालिनीताई नवऱ्याच्या मागे लागल्या.

“मेट्रो पकडा आणि जा. बोलू नका काही, नुसते तिच्याजवळ बसा.”

“जातो ना, बिल्कुल जातो,” अंबादास म्हणाले. “आधी तिला नीट लिहितो तरी.”

सगळा घात इथे झाला. ड्राफ्ट मंजूर झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, ही नोकरीभराची सवय. ते माफी लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. कधी सूर फार सरकारी वाटायचा, कधी फार रडका. शालिनीताईंनी आतल्या खोलीतल्या पलंगावर लुंबिनीसाठी धुतलेली चादर घातली होती. ती दर रविवारी बदलली जायची. उन्हाळा सरला. फरीदाबाद होतं तिथेच होतं, तासाभराच्या अंतरावर, आणि हे गृहस्थ शब्द बदलत बसले होते. राग येतो अशा माणसाचा, आणि कीवही येते.

शेवटी एका रविवारी त्यांनी मेसेज पाठवला. चूक माझी होती. मी न्यायला येतो. घरी ये.

तासाभरात उत्तर आलं. बाबा, मी बंगळूरला बदली मागून घेतली. फ्लॅट गेल्याच आठवड्यात सोडला. खूप दिवस तुमची वाट पाहिली. आता पाहत नाही.

अंबादासांनी ते वाचलं. मग सवयीने नजर पुन्हा मागे गेली, वाक्यांच्या मधल्या जागांवर. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी तिसऱ्यांदा शोधलं. एखादी चूक सापडली असती तर उत्तर तरी देता आलं असतं.

“काय म्हणते?” शालिनीताईंनी विचारलं.

“बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले.

शालिनीताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, वाचला आणि परत दिला. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि सकाळीच घातलेली चादर काढू लागल्या.