बुजवलेली विहीर

वडील तापानं गेले. हिरड्यांतून रक्त, अंगभर काळेनिळे डाग. गाव म्हणालं, विहिरीचं पाणी बाधलं. आईनं माझ्या तान्ह्या भावाला, बन्सीला, लगेच काष्टीला मामाकडे धाडलं. पुढं माझा थोरला भाऊ राधाकृष्णही तसाच गेला, तेव्हा तिनं भरली विहीर दगडमातीनं बुजवली. यंदा बहात्तरच्या दुष्काळात आम्ही टँकरमागे पळालो, पण विहिरीची बाजू घेणाऱ्याचं मी थोबाड फोडलं असतं.

काल नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बन्सीला रक्ताचा कॅन्सर आहे.

"त्यानं तर त्या हिरीचं पानी कधी तोंडात घेतलं न्हाई," आई म्हणाली.

डॉक्टरांनी वडिलांचं, थोरल्याचं सगळं विचारून घेतलं. "बाई, पाण्याचा दोष नसावा. एखाद्या घराण्यात हा आजार पुन्हा पुन्हा दिसतो. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "तुम्ही याचे सख्खे भाऊ ना? बाही वर करा, तुमचंही रक्त तपासून बघू."

आईनं माझा दंड असा धरला, की नर्सला तिची बोटं सोडवावी लागली.