श्रावणातला पालू

लालबागच्या गळमित्र मंडळाची पालूची स्पर्धा श्रावणात का होते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्या दिवसांत उल्हास नदी फुगलेली असते, पाण्याला चहाचा रंग चढलेला असतो आणि पालू हा शहाणा मासा केव्हाच खाली खाडीकडे निघून गेलेला असतो. पण मंडळाचे अध्यक्ष अण्णा सावंत यांनी एकदा परदेशातल्या स्पर्धेचा व्हिडिओ पाहिला. तिथले लोक मासा पकडतात, तोलतात, त्याचा मुका घेतात आणि परत पाण्यात सोडतात. अण्णांना भरून आलं आणि आपणही हेच करायचं असं ठरलं.

पहिली स्पर्धा वैशाखात झाली. तोलायला पालू भरपूर होते, सोडायच्या वेळी मात्र एकही सापडेना. बस लालबागला पोचली तेव्हा मागच्या सीटखालून पाणी गळत होतं. कोकणी माणूस हातातला मासा सोडलाच तर श्रावणात सोडेल, हे अण्णांनी ओळखलं आणि पुढच्या वर्षीपासून स्पर्धा श्रावणातल्या रविवारी नेली. शिवाय आमिषाची कोळंबीही बंद केली. व्रत माणसाला तसं माशालाही, गळाला फक्त कणीक लावायची, असा ठराव झाला. आता कणकेला भुलणारा पालू विरळाच. तरी एखादा वेडा चुकूनमाकून लागे.

पाच श्रावण ज्याला तोही लागला नाही, त्याला मंडळ शाल-श्रीफळ देऊन मार्गदर्शक करत असे. मार्गदर्शकाने गळ टाकायचा नाही, खुर्चीवर बसायचं. तात्या राणे पहिले मार्गदर्शक झाले आणि त्यानंतर त्यांना कोणी मार्ग विचारला नाही. स्पर्धेच्या दिवशी ते सगळ्यांच्या चपला सांभाळत.

चिंतामणी परबांचा हा पाचवा श्रावण होता. भायखळ्याच्या छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते जातील तिथे लोक खुर्ची पुढे करत. बँकेत, लग्नात, जिममध्ये जाणाऱ्या नातवाच्या मित्रांत, सगळीकडे एकच, 'बसा काका'. नदीवर तेवढे ते उभे राहत. आता तेही जाणार होतं.

नदीकाठी बॅनर आधीच लागलेला होता. हात जोडलेले चिंतामणी, वर 'आमचे नवे मार्गदर्शक' आणि चारही कोपऱ्यांत कमिटीचे फोटो.

"अरे, स्पर्धा संपायची आहे ना अजून?" त्यांनी चिटणीस स्वप्नीलला विचारलं.

"काका, प्रिंटिंगवाला रविवारी बंद असतो," स्वप्नील म्हणाला. "कालच करून घेतलं. टेन्शन नको घेऊ, फोटो मस्त आलाय."

चिंतामणींनी बायकोने दिलेला कणकेचा डबा उघडला आणि रागारागाने गळ टाकला. दुपारपर्यंत नदीने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग स्वप्नीलने माइक हातात घेऊन सत्कारमूर्तींना पाचारण केलं. सत्कारमूर्ती काही हलेनात. शेवटी अण्णाच शाल घेऊन काठावर आले आणि त्यांनी ती उभ्या उभ्याच चिंतामणींच्या खांद्यावर टाकली. नारळ देणार एवढ्यात रॉड वाकला.

"नारळ धर रे, आधी," अण्णा म्हणाले.

"तूच धर," चिंतामणी म्हणाले आणि शालीसकट चिखलात उतरले. दोनदा घसरले, एकदा बसले, पण दोरी सोडली नाही. बाहेर आला तो चांगला हातभर पालू, पाठीवरचे काटे उभारून रागाने बघत होता. चिंतामणींना रडूच आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

मासा तोलला गेला, फोटो निघाला, मासा सुटला. पण अण्णांच्या कपाळावरची आठी काही सुटेना.

"हातभर पालू कणकेला लागला?" ते म्हणाले. "डबा दाखव बघू."

चिंतामणींनी निर्धास्तपणे डबा पुढे केला आणि झाकण काढताच त्यांना वास आला. सकाळी रागात त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कणकेत जवळा कुटून मळला होता. चांगला भाजलेला, सुका जवळा, म्हणजे बारीक कोळंबीच. ठरावाप्रमाणे आता मासाही बाद आणि बॅनर कायम.

अण्णांनी त्या कणकेची एक गोळी नाकाशी नेली. हुंगली. डोळे मिटले. गटारीनंतर त्यांच्या नाकाला असं काही भेटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा हुंगली आणि गोळी स्वप्नीलकडे दिली. स्वप्नीलने ती खजिनदाराला द्यायला बराच वेळ लावला. गोळी कमिटीतून फिरत तात्यांपर्यंत गेली, आणि तात्या ती परतच देईनात.

"काय म्हणता?" अण्णांनी घसा साफ करत विचारलं.

"कणीकच आहे," खजिनदार म्हणाला.

"शुद्ध कणीक," तात्या म्हणाले.

तसं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. बॅनर उतरला. बसमध्ये अण्णा चिंतामणींच्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनींना म्हणावं, श्रावण संपला की मी येतो जेवायला."

चिंतामणी घरी पोचले तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि उदबत्तीने खोली धुरकटली होती. श्रावणात जिच्या घरात कांदाही येत नाही, ती त्यांची बायको कालिंदी देव्हाऱ्यासमोर बसली होती. पुढे नैवेद्याचं ताट वाढलेलं होतं.

"मासो लागलो?" तिने विचारलं.

"हातभर," ते म्हणाले. "तू जवळा घातलास?"

"तुमका खुर्चीर बसलेला माका बघवूचा नाय." ती उठली नाही. "आता निवेद तुमीच दाखवा. पाच फेरा साबण लावलंय, हातांचो वास जाऊक नाय. देवाक हात कसे लावू?"

चिंतामणींनी आपले हात नाकाशी नेले. त्या हातांनाही पालूचा वास येत होता. ते तिच्या शेजारी बसले, ताटाची एक बाजू त्यांनी धरली आणि दुसरी धरायला तिला सांगितलं.