उल्केचं बावखल

आमच्या वाडीतलं बावखल म्हणजे उल्का पडून झालेला खड्डा आहे, असं माझ्या नवऱ्याने, बर्नार्डने, अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. कारण साधं होतं. माझा धाकटा दीर ॲल्रॉय हे तळं बुजवून गाड्या लावायला जागा करणार होता. ह्याच पाण्यामुळे विहिरी गोड राहतात, असं बर्नार्ड वर्षभर ओरडत होता, पण कुणी ढुंकून बघितलं नाही. उल्का म्हटल्यावर मात्र लोक फोटो काढायला यायला लागले. मग ह्याला चेव आला. एक काळा दगड त्याने उल्केचा तुकडा म्हणून माझ्या लोणच्याच्या बरणीत घालून काठावर मांडला.

जमीन दोघा भावांची, पण पाणी सगळ्यांचं. म्हणून बुजवायचं की नाही ते ठरवायला रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर गाव काठावर जमलं. उल्केची गोष्ट खोटी पाडायला ॲल्रॉयने स्वतःच्या लेकीलाच, शॅननला, उभं केलं. ती ग्रहांच्या दगडांचा अभ्यास करते.

"पृथ्वी आधी वितळलेली होती," शॅनन म्हणाली. "लोखंड जड, ते पोटात बुडालं. हलकं होतं ते वर आलं, थंड होऊन त्याची साल झाली. त्या सालीवर मोठमोठे दगड आपटले, खड्डे पडले, खडक परत वितळले. पृथ्वीवरचे ते खड्डे कधीच पुसले गेले. चंद्रावर अजून दिसतात. ते काळे डाग आहेत ना, ते मोठे खड्डेच. नंतर त्यांच्यात लाव्हा भरला."

"बघा!" ॲल्रॉय ओरडला. "चंद्रावरसुद्धा खड्डे बुजवतात!"

बर्नार्डने बरणी पुढे केली.

"सॉरी अंकल, हा आपल्या घराच्या जोत्यातला दगड आहे. उल्का पडली असती तर खालचा खडक फुटला असता, वितळला असता. इथे नुसती माती आहे. आणि उल्केने पायऱ्या कशा काय केल्या?"

सगळे हसले. बर्नार्डचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची फार कीव आली, बरणीचा राग असूनही.

"मंग खनला कोनी?" कुणीतरी विचारलं.

"माज्या आज्यानं!" शेजारची म्हातारी भागूबाई उठली. "पानी लागेपातूर खनला त्यानं!"

"तुमचा आजा टोपल्या उचलायला होता," पलीकडच्या घरातली एमिली म्हणाली. "कुदळ आमच्या आजोबांची!"

झालं, जुंपली. ज्याला त्याला आपला आजोबा आठवला. उल्केने खणलं तेव्हा ते कुणाचंच नव्हतं. आता एकेक पायरी वाटून घ्यायला लागले.

"आनि ह्यांचा आजा," भागूबाईने ॲल्रॉयकडे बोट केलं, "काठावर बसून विड्या ओढायचा!"

ॲल्रॉय लालबुंद झाला. "काय बोलता? अर्ध्याहून जास्त माती आमच्या आजोबांनी उपसलीय! आमच्या आजोबांचं बावखल आहे हे!"

"मग पप्पा," शॅननने विचारलं, "बुजवायचं कधी?"

"हात तर लावून दाखवू दे कुणी!" ॲल्रॉय म्हणाला, आणि काठावर मांडी घालून बसला.