पिवळ्या गोलातली पट्टी

कुणी ऐकतंय का? मी पट्टी बोलतेय, पत्र्याच्या आतून. चालकाच्या पायाखाली, दाराचा उंबरा गाडीच्या सांगाड्याला बांधून ठेवते ना, ती पोलादी पट्टी मी. गाडी बघायला माणसं कुठून कुठून येतात, मला कुणी बघत नाही. बघणार कसं? वर पत्रा, खाली पत्रा, मध्ये मी. कोंडून घातलंय म्हणा ना.

आमच्या गाडीला पक्कं छप्पर नाही. कापडाचं आहे, तेही सदा मागे दुमडलेलं. त्यामुळे सगळा ताण आम्हा दोघींवर, मी आणि पलीकडच्या दाराखालची माझी जुळी बहीण. त्यात इंजिन हे असलं दांडगं! पाय जरा दाबला की अख्खं धूड पिळवटतं. म्हणून आम्हाला प्रत्येकी बारा टाके लागतात.

मला पडले सात.

तारीखसुद्धा सांगते. १९६८, नोव्हेंबरची पंधरा. मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. अर्धा कारखाना बंदुका घेऊन जंगलात पळालेला. माझ्याजवळ वेल्डिंगला होता ओडेल प्रुइट, अलाबामाहून आलेला उंच, शांत माणूस. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे चिमटायचे आणि वीज सोडायची, की पत्रे वितळून एक होतात. तो टाका. पण त्याची टोकं झिजून पार बोथट झाली होती. टाका पडल्यासारखा दिसायचा, धरत नव्हता.

"मर्ल, टोकं बदलू दे रे. पाच मिनिटं लागतील," ओडेल फोरमनला म्हणाला.

"पाच मिनिटांत पाच गाड्या पुढे जातात. लाइन थांबवायला तुझ्या काकाचा कारखाना आहे का?"

"अरे, इथले पाच टाके धरलेलेच नाहीत!"

"मग खूण कर. पुढे स्टॅश आहे की दुरुस्तीला."

ओडेलनं पिवळ्या मेणखडूनं माझ्यावर गोल काढला. कारखान्यात त्याचा अर्थ एकच: टाके कच्चे, पुन्हा मारा. "जा बाई, स्टॅश बघेल तुझ्याकडे," असं म्हणून त्यानं मला थोपटलंही.

स्टॅश त्या वेळी झाडावर बसून हरणाची वाट बघत होता. त्याच्या जागेवर चिटपाखरू नव्हतं. माझ्यावर डांबर फासलं, गालिचा आला, आणि झाला अंधार.

मग पन्नासहून अधिक वर्षं मी त्या अंधारात कुरकुरत काढली. पहिल्या मालकानं सिग्नलला शर्यती लावून हाडं खिळखिळी केली. दुसऱ्यानं कोठारात टाकून दिलं, तिथे उंदीर नांदले. शेवटी गाडी घेतली गॉर्डन होकस्ट्रानं. निवृत्त दातांचा डॉक्टर. बायकोला, लोइसला, त्यानं शब्द दिला होता की लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला याच गाडीतून उत्तरेला तळ्यावर नेईन. दोनशे मैल.

गाडी नव्यासारखी करायला ट्रूडीकडे आली, जुन्या गाड्यांची कारागीर ती. तिनं डांबर खरवडलं आणि माझ्यावर उजेड पडला. काय सांगू तुम्हाला! आता सुटले, असंच वाटलं मला.

"अगं, ही कारखान्यातली मूळ खूण!" गॉर्डन गुडघ्यावर बसून ओरडला.

"खूण राहू दे. पट्टी बोटानं हलतेय," ट्रूडी म्हणाली. "पाच टाके मारते, जेवायच्या आत होईल."

"हात लावायचा नाही! जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक टाके मोजतात. जास्तीचा एक दिसला की गुण गेले. कारखान्यानं जसं केलं, तसंच हवं."

"पण त्या माणसानं गोल काढला कशाला?" दारातून लोइसनं विचारलं.

"त्याची सही असेल," गॉर्डन म्हणाला.

सही! ओडेल गोल काढून मदत मागत होता, अरे दंतवैद्या! मी जीव तोडून कुरकुरले. ट्रूडीनं खांदे उडवले, गोलाचा फोटो काढला, फिकट झालेली कड नव्या पिवळ्या खडूनं उजळली. परीक्षकांनी बघून घेतलं, आणि वर पुन्हा गालिचा आला.

आज प्रदर्शनाच्या मैदानावर आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. गोलाचा फोटो मोठा करून गाडीच्या जागेपुढे लाकडी घोडीवर लावलाय, लोक सॉसेज खात त्याच्याभोवती उभे आहेत. विजेत्यानं मैदानाला एक फेरी मारायची असते. गॉर्डननं कौतुकानं किल्ली लोइसला दिली. गवतातल्या एका खड्ड्यात चाक आपटलं आणि माझा एक टाका कट्‌कन तुटला. आता राहिले सहा. उंबरा केसभर खचला आणि तिच्या बाजूचं दार चौकटीत रुतून बसलं.

फेरी संपवून गाडी जागेवर आली, तर लोइसला उतरता येईना. पलीकडून उतरावं तर मध्ये गिअरचा दांडा, आणि बाईंचा गुडघा नुकताच बदललेला.

"गॉर्डी, दार उघडत नाहीये रे."

"दाराचं रबर नवं आहे गं. जरा जोर लाव."

"लावला! मी अडकलेय इथे."

"आलोच, एक मिनिट. यांना गोल दाखवतोय."

लोइस, बाई माझ्या, उतरलीस की त्याला तेच परत विचार. त्या माणसानं गोल काढला कशाला? शनिवारी तुम्ही तळ्यावर निघणार. त्याच्या आत विचार.