गोल गालांची सवय

“आली. आता सगळ्यांना वाळवणार,” सासूबाई नणंदेच्या कानात पुटपुटल्या. आमची पुढची खोली एवढीशी, की एकीच्या कानातलं तिघींना ऐकू येतं.

मी बाहुल्यांच्या कारखान्यात चेहरे रंगवते. दिवसभर नजरेसमोर टम्म गोल गाल. डोळ्यांना त्याची इतकी सवय होते, की मग चांगल्या धडधाकट माणसाचाही चेहरा ओढलेला दिसतो. म्हणून आमची मुकादमीण बाहुल्यांचा एकेक ट्रे संपला की आम्हाला एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसवते. नाहीतर पुढच्या बाहुलीला गालगुंड झाल्यासारखं दिसतं.

कामाला लागले तेव्हा एका संध्याकाळी मी सासूबाईंना काळजीने विचारलं होतं, हल्ली जेवत नाही का तुम्ही? सासूबाई आमच्या मोरीच्या दारातून तिरप्या आत जातात. तेव्हापासून माझ्या नजरेला घरात किंमत नाही. चहा पिऊन डोळे ताळ्यावर येईपर्यंत मी कुणाच्या तब्येतीवर बोलायचं नाही, असं ठरलेलंच आहे.

मग कारखान्यातलं साच्याचं यंत्र बिघडलं आणि आम्हाला घरी बसवलं. बाहुली म्हणून दिसेना. सासूबाई पुन्हा ऐसपैस झाल्या, नणंदेची हनुवटी जोडीने परतली. आमचे हे मात्र ओढलेलेच दिसत राहिले. गालांची हाडं वर आलेली, कॉलर मानेला कुठे टेकत नाही.

मी म्हटलं, अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या. तर म्हणाले, तुझे डोळे अजून बाहुल्यांतच आहेत. नणंद म्हणाली, नाहीतर काय. सासूबाई ताटं पुसत राहिल्या. सासरे गेले, त्याच्या आधी असेच कपड्यांत सैल झाले होते. तो विषय आमच्याकडे कुणी काढत नाही.

जेवणं झाल्यावर ह्यांनी पट्टा काढला आणि आणखी एक भोक पाडायला माझ्याकडे दाभण मागितला. मी उठले नाही.

“हिला आता दाभणही दिसेना,” हे म्हणाले. नणंद हसायला लागली.

सासूबाईंनी ह्यांच्या हातातून पट्टा काढून घेतला.

“तिचे डोळे धड आहेत,” त्या म्हणाल्या. “तूच वाळलायस. तुझे बाबा वाळले होते, तसाच.”